बाबांचा गेलेला खोकला

प्रिय धाकट्या,

बाबांचा खोकला गेला म्हणून तू फोनवर नाचायचाच बाकी होतास. आधी मलाही बरंच वाटलं. पण ते इथे राहायला आल्यापासून मला चैन नाही. उठते, त्यांच्या खोलीत डोकावते, परत येते. आठवतं, आत येण्याआधी ते दाराशी खाकरायचे आणि आपण पत्त्यांचा डाव उशीखाली कोंबायचो? आता ते मागे येऊन उभे राहतात तरी कळत नाही.

काल त्यांना माझ्या लॅबमध्ये नेलं. मिरचीतलं तिखट द्रव्य पाण्यात मिसळून त्याचा बारीक फवारा श्वासातून ओढायला लावायचा आणि माणूस कधी खोकतो ते बघायचं, हे माझं रोजचं काम. श्वासनळीच्या अस्तरात नसांची टोकं असतात. तिखट लागलं की त्यांना भाजल्यासारखं वाटतं, त्या मेंदूकडे बोंब ठोकतात आणि खोकला येतो. बाबा बिचकू नयेत म्हणून आधी मीच घेऊन दाखवलं आणि ठसक्याने बेजार झाले. मग त्यांची पाळी. सौम्य झालं, कडक झालं, अगदी जहालही झालं. बाबा आपले शांत! उलट माझीच पाठ चोळत होते. डॉक्टर म्हणाले, बाबांना आलेल्या त्या अर्धांगवायूच्या हलक्या झटक्यानंतर नसांची बोंब वर कोणी ऐकतच नाहीये.

म्हणजे घोट चुकून श्वासनळीत गेला तरी त्यांना ठसका लागत नाही. तुझ्याकडे असताना त्यांना सारखा यायचा तो ताप हवा बदलल्याचा नव्हता रे. छातीच्या एक्स-रेत डाग दिसलाय. तू मायेने पाजलेला चहा थोडा थोडा तिथेच उतरत होता. तुला बोल लावत नाही, मीही तेच केलं असतं.

इथे चहापाणी दाट करून, हनुवटी खाली घ्यायला लावून, चमच्याने देतो. बाबा म्हणतात, ही खळ कपड्यांना लाव.

आज तू त्यांना न्यायला येशील तेव्हा मी कामावर असेन. फोनवर सांगितलं की तू ‘बघू’ म्हणतोस, म्हणून किल्लीबरोबर हे पत्र शेजारच्या काकूंकडे ठेवतेय. सकाळपासून बाबा हट्ट धरून बसलेत, लेकाच्या हातचा चहा हवा, कपभर, पूर्वीसारखा पातळ. तू त्यांना आजवर कधी नाही म्हटलेलं नाहीस. आज म्हण. रुसतील, रडतीलसुद्धा, तरी नाहीच म्हण. आणि पुढच्या खेपेला मी घरी असताना येशील, तेव्हा आत शिरताना दाराशी त्यांच्यासारखा खाकर. त्या आवाजावाचून मला करमत नाहीये.

तुझीच,
अजून ठसका लागणारी ताई