माशांचं गाळलेलं पाणी

आई, "त्याचं पित्त आपल्याच उंबऱ्यावर कसं गो चढतं?" असं तू मला एकदा विचारलं होतंस. मी चौथीत होते आणि पित्त म्हणजे काय हे मला ठाऊक नव्हतं. तुला उत्तर नकोच होतं. शास्त्राच्या सरांसाठी ओतलेला चहा तू परत पातेल्यात घालत होतीस. सर बाबांच्याच शाळेत शिकवायचे, पलीकडच्या आळीत राहायचे, संध्याकाळी आपल्या ओटीवर येऊन बसायचे, आणि तू न चुकता त्यांना चहा विचारायचीस. सोमवारी त्यांचा उपास असायचा, मंगळवारी त्यांनी आत्ताच घेतलेला असायचा, आणि उरलेल्या दिवशी पित्त. आपण बौद्ध आणि ते नव्हेत, यावरून जे समजायचं ते तू कधीच समजली होतीस. बाबांना ते समजून घ्यायचं नव्हतं. "सुधारलेला माणूस आहे. खरंच पित्त असेल," ते म्हणायचे. "असंल," तू म्हणायचीस, "पन इचारल्याबिगर मी ऱ्हायची नाय. नाय म्हनायचं काम त्याचं."

त्याच उन्हाळ्यात बाबांना तळ्याची हौस लागली. मुंबईत कुणाच्या तरी बंगल्याच्या बागेत त्यांनी कोई नावाचे जपानी मासे पाहिले होते, लाल-पांढरे, हातभर लांब. ते खायचे नसतात, नुसते बघायचे असतात, हे त्यांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा तू बोंबील साफ करत होतीस. "मासा आन बघायचा?" तू म्हणालीस. मग सुरी खाली ठेवून म्हणालीस, "तुमच्या बापानं सत्याग्रहात तळ्यातल्या ओंजळभर पान्यासाठी डोकं फोडून घेतलं, आन तुमी दारात तळं खनून त्यात शोभेचे मासे सोडनार?" बाबा म्हणाले, "म्हणून तर." त्यांची सगळी भाषणं एवढीच असायची. दुसऱ्या दिवशी त्यांनी तुझ्या मिरच्यांच्या वाफ्यात कुदळ घातली.

तळं गोल व्हायचं होतं, झालं फणसासारखं. नव्या सिमेंटचा चुना पाण्यात उतरतो आणि मासे मरतात, असं सरांनी सांगितलं म्हणून त्यात केळीच्या खांबाचे तुकडे भिजत टाकले, ते कुजेपर्यंत ठेवले, पाणी उपसलं, पुन्हा भरलं. तू नाकाला पदर लावून ये-जा करायचीस. मग बाबा मुंबईहून एसटीनं पिल्लं घेऊन आले. पाण्यानं भरलेली प्लास्टिकची पिशवी मांडीवर, आणि शेजारच्या प्रवाशानं विचारलेला प्रश्न त्यांनी रागानं आपल्याला सांगितला: "कितीला वाटा?"

मासे तळ्यात सुटले आणि महिन्याभरात पाणी हिरवं झालं, अळूच्या फदफद्यासारखं. मासे दिसेनात. आळीतली माणसं बघायला यायची आणि बाबा काठावर उभे राहून म्हणायचे, "आहेत, आहेत. खाली आहेत." समोरची काकू बराच वेळ वाकून बघत राहिली. मग कमरेवर हात ठेवून म्हणाली, "दिसत नाय पन हाय म्हनता. म्हंजे देवच की, मास्तर!" हातातली काठी टेकवून तिनं गमतीनं हातसुद्धा जोडले. जन्मभर देव नाही म्हणून सांगत आलेले बाबा त्या दिवशी जेवले नाहीत. रात्री त्यांनी जाहीर केलं की फिल्टर बसवायचा.

कोणता बसवायचा यावर ओटीवर आठवडाभर रण माजलं. बाबांचं म्हणणं, एक चर खणून त्यात कर्दळ आणि अळू लावावं, पाणी त्यातून फिरवावं, मुळं घाण खातील. सरांचं म्हणणं, ही शेती झाली, शास्त्र नव्हे. त्यांनी आपल्या ओटीच्या भिंतीवर खडूनं पिंप काढलं आणि त्यात थर दाखवले: खाली नदीतले गोटे, त्यावर जाड वाळू, मग लाकडी कोळसा, वर नारळाचा काथ्या. "वहिनी, तुम्हाला काय वाटतं?" त्यांनी विचारलं. तू म्हणालीस, "मला वाटतं चिंच घालून कालवन करावं. पानी आपोआप नितळ व्हईल."

सर जिंकले. गोटे आणि वाळू सावित्रीच्या पात्रातून आली, कोळशाचं पोतं तुझ्या भावानं पोलादपूरहून एसटीच्या टपावर पाठवलं. जांभ्या दगडांच्या चौथऱ्यावर पिंप चढलं, खाली तोटी बसली. तळ्यातलं पाणी वरून ओतायचं, ते गाळून पुन्हा तळ्यात पडणार. ओतायचं कुणी, हे भिंतीवरच्या चित्रात नव्हतं. त्या फिल्टरची मोटर म्हणजे मी. शाळेतून आले की बादल्या. पहिल्या दिवशी कोळसा न धुतल्यामुळे काळं पाणी आलं आणि मासे शाईच्या दौतीत पडल्यासारखे झाले. सर म्हणाले, "प्रयोगात असं होतंच." पण थोड्या दिवसांनी पाणी खरंच निवळलं, आई. तू कबूल केलं नाहीस, पण भांडी घासता घासता तू तळ्याकडे बघत बसायचीस, मी पाहिलंय.

आणि मग ती संध्याकाळ. अजून समोर दिसते. सर आत हाक देतात, "वहिनी, एक काचेचा ग्लास द्या बरं. बघण्यापुरता." तू देतेस. ते तोटीखाली ग्लास भरतात, उन्हाच्या तिरिपेत धरतात, डोळा बारीक करतात. बाबा म्हणतात, "दिसायला ठीक आहे. पण वास?" "वास?" सरांचा आवाज वर्गातल्यासारखा चढतो. "मास्तर, वास कसला? पिण्यालायक आहे पाणी! हे बघा." आणि ते ग्लास तोंडाला लावतात. एका दमात, घटाघटा. धोतराच्या सोग्यानं ओठ पुसतात आणि मग त्यांना उमगतं. तू दारात उभी, हातात त्यांच्यासाठी केलेला चहा. तू एवढंच विचारतेस, "माज्या हातचं चालत नाय, सर, आन माशांच्या आंगुळीचं चालतं?"

बाबा खोकले. सर उठले आणि चपला उलट्या घालून गेले.

गोष्ट तिथं संपली असती, पण त्यांचं पोट बिघडलं. तीन-चार दिवसांत त्यांच्या आळीत बोललं जाऊ लागलं की आपल्या घरचं पाणी प्यायले म्हणून बाधलं. ते ऐकून तू चूल विझवलीस, लुगडं नीट केलंस आणि मला हाताला धरून निघालीस. मला वाटलं आता मारामारी. त्यांच्या घरासमोर, भर रस्त्यात उभी राहून तू बोललीस: "सर! माज्या घरचं पानी तुमी कधी प्यालाच नाय. माशांचं प्यालात, सोताच्या हट्टानं. ते घरच्यांना सांगा. माज्या माठाचं नाव खराब करू नका!" खिडक्या उघडल्या. सर घोंगडी पांघरून पडवीत आले, चेहरा पिळून काढलेल्या लिंबासारखा. मागं त्यांची बायको. मग सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "खरं आहे. माशांचंच प्यायलो." एवढंच. तू मान हलवलीस आणि आपण घरी आलो. वाटेत तू रडत होतीस की हसत होतीस, हे मला तेव्हाही कळलं नाही. इतकी वर्षं ज्या माणसानं पाणी घ्यावं म्हणून तू वाट पाहिलीस, तो प्यायला ते तुझा हात न लागलेलं.

त्या पावसाळ्यात पूर अंगणात आला आणि मासे समुद्राकडे निघून गेले. पिंप जागचं हललं नाही. सर म्हणाले, "बघा मास्तर, बांधणी पक्की होती." बाबा त्यांच्याशी दोन दिवस बोलले नाहीत.

सर येत राहिले. पण तू त्यांना पुन्हा चहा विचारला नाहीस. एकदाही नाही. तू बाबांचा कप आणून ठेवायचीस आणि आत जायचीस. वर्षभर त्यांनी सोसलं. मग एकदा घसा खाकरून स्वतःच म्हणाले, "वहिनी, आज आम्हाला नाही का चहा?" तू आतून म्हणालीस, "दूध संपलंय, सर." त्याच वेळी चुलीवर दूध उतू जात होतं आणि त्याचा करपट वास ओटीपर्यंत आला होता. सरांनी तो वास घेतला, आणि "असू दे, असू दे" म्हणाले. मी पोटभर हसले होते. बाबा हसले नाहीत. तू आणि बाबा, तुम्हा दोघांतलं कोण बरोबर होतं, हे मला तेव्हा अगदी स्पष्ट होतं.

आता घरात मीच राहते. तळ्यात माती भरून अळू लावलंय. बाबांचा चर उशिरा का होईना झाला. सर अजून आहेत, खूप म्हातारे झालेत. त्यांचं माणूस आता कुणी इथं नाही. काठी टेकत येतात, ओटीवर बसतात. परवा म्हणाले, "तुझ्या आईसारखा चहा येतो का गं तुला?" मी म्हटलं, "सर, तुम्ही तो कधी प्यायलाच नाही." ते म्हणाले, "वास रोज घ्यायचो. आलं जास्त घालायची ती." मला काहीतरी चांगलं बोलायचं होतं. तोंडातून निघालं, "दूध संपलंय, सर." ते हसले, कवळीसकट. मग रुमालानं बराच वेळ चष्मा पुसत बसले.

तेव्हापासून मला झोप नीट नाही. हे कागद कुठल्या टपालपेटीत टाकायचे नाहीत, हे मला माहीत आहे. आपल्यात मेलेल्या माणसाला निरोप जात नाही. बाबांनी वाचलं असतं तर माझीच शिकवणी घेतली असती. पण माठ तुझा, चूल तुझी आणि भांडणही तुझं, म्हणून परस्पर काही करवत नाही. उद्या संध्याकाळी ते येतील. तू काय म्हणशील ते मला तुझ्या आवाजातसुद्धा ऐकू येतंय. तरी विचारते: आलं जास्त घालून त्यांना एक कप टाकू का गं, आई?