टिटवीच्या पोटातलं अकरावं वर्तुळ

स्टोन, स्टॅफर्डशायर
रविवार, दुपार

ती. माईस,

हेरंबचा साष्टांग दंडवत (इथली जमीन बाराही महिने ओली, म्हणून तूर्त कागदावरच). तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजी अजून बाल्कनीत उभे राहून शेजाऱ्यांना गाडी मागे घ्यायला शिकवतात का? आम्ही सुखरूप आहोत. माझा उजवा हात कोपरापर्यंत डांबराने काळा आहे, त्याचं कारण पुढे येईल (बरंच पुढे). मागच्या तीन पत्रांसारखं या पत्रात काही मागणं नाही, तेव्हा चष्मा निवांत लाव.

आमच्या कालव्यावरच्या त्या जुन्या बोटीबद्दल तुला लिहिलंच होतं. नाव 'लॅपविंग', म्हणजे टिटवी (मी मनातल्या मनात टिट्टिभी म्हणतो, तेवढाच माझ्या संस्कृत शिक्षणाचा उपयोग). एकेकाळी कोळसा वाहायची. तिचा गंजलेला पोलादी सांगाडा आम्ही बाराजण चार वर्षं खरवडतो आहोत. निष्काम कर्म म्हणजे काय ते बाबांनी सहा वर्षं समजावलं. डोळ्यांनी पाहिलं ते इथे, फक्त दर चाळीस मिनिटांनी मध्ये चहा असतो. या वेळी मात्र प्रकरण गंभीर होतं. कोरडी गोदी आम्हांला शनिवारी दुपारपर्यंतच मिळाली होती. तोवर टिटवी तरंगली तर ठीक, नाहीतर तिला कापून भंगारात द्यायचं, असं आमच्या मंडळाने अतिशय सभ्य शब्दांत ठरवलं होतं. आणि ऑलिव्ह बोस्टॉक, वय शहाऐंशी, जिचा जन्मच या बोटीच्या मागच्या केबिनमध्ये झाला, ती शनिवारी सुकाणू धरायचं म्हणून नवे बूट घेऊन बसली होती.

माझ्याकडे काम होतं ऐकण्याचं. पत्र्यावर हातोडीने हलकेच ठोकायचं. शाबूत पोलाद खणखणतं, आतून पातळ झालेलं बद्द वाजतं. पाठशाळेत स्वर चुकला की कान पिळला जाई, त्यामुळे माझा कान तयार आहे (थोडा लांबही). दोन दिवस ठोकून मी अकरा जागा शोधल्या आणि प्रत्येकीभोवती खडूने वर्तुळ काढलं. शुक्रवारी रॉयस्टन वेल्डर येऊन तिथे पत्रे जोडणार होता. रॉयस्टन कमी बोलतो आणि जे बोलतो ते कमी असतं तर बरं, असं वाटतं.

गुरुवारी ऊन पडलं. माई, इथे ऊन पडलं की माणसांचं काय होतं ते तुला पुण्यात बसून कळणार नाही. खरवडायला कोणी तयार नसतं, पण रंगवायला सगळे धावतात. आमच्या थेल्माने (निवृत्त मुख्याध्यापिका) डांबराचा डबा उघडला, ब्रश वाटले गेले, आणि चार वाजेपर्यंत सगळी डावी कूस काळी कुळकुळीत झाली. अकराही वर्तुळांसकट. यात कोणाचा हात होता याची चर्चा मी करत नाही.

शुक्रवारी रॉयस्टन आला. टिटवीभोवती एक फेरी मारली.

"छान काळी केलीत. आता जोडू कुठे, नकाशा काढून देता का?"

थेल्मा म्हणाली, "चहा टाकते." इथे कोणी कोणाला दोष देत नाही, दोषाच्या आकाराप्रमाणे किटली मोठी होत जाते. मी पुन्हा ठोकून पाहिलं, पण ओल्या डांबरावर हातोडी नुसती चप् चप् चिकटत होती.

इतक्यात ऑलिव्ह केक घेऊन आली. (इथले लोक एकमेकांना प्रेमाने 'बदका' म्हणतात. मला सवय झाली आहे, तू करून घे.)

"काय रे बदका, सुतकी चेहरा का?"

मी सांगितलं.

"एवढंच? अरे, लहानपणी हिच्यातलं पाणी कोण उपसायचं? मीच ना! कुठून येतं ते मला विचारा."

तिला धरून आत उतरवलं. ती काठीने बोटीच्या फासळ्या मोजत निघाली. तिसरीजवळ थांबली: "सत्तेचाळीस साली कालवा गोठला, ते बर्फ." सातवीजवळ: "बाबा आणि कालव्याच्या दरवाजाची भिंत. बाबा म्हणायचे, भिंतच मध्ये आली." ती जागा दाखवी, बाहेरून रॉयस्टन डांबर खरवडी, आणि खाली माझं खडूचं वर्तुळ निघे! दहा जागा, दहा वर्तुळं. माझा कान आणि तिची आठवण एकदाही चुकली नाहीत.

"अकरावी?" मी म्हटलं.

"दहाच," ती म्हणाली आणि केक कापायला गेली.

रॉयस्टनने रात्रीतून दहाही जागी पत्रे जोडले आणि शनिवारी अकराला गोदीत पाणी सोडलं. टिटवी हलली, कण्हली, आणि उचलली गेली. टाळ्या सुरू होताहोताच थेल्मा केबिनमधून ओरडली. पलंगाखाली बारीक धार लागली होती (हेच माझं अकरावं वर्तुळ). गोदीतलं पाणी पुन्हा सोडून द्यायच्या झडपेकडे रॉयस्टनने हात नेला.

"हात लावशील तर बघ!" ऑलिव्ह म्हणाली. "ते माझ्या जन्माच्या आधीपासून गळतंय. आई खाली भांडं ठेवायची. त्या आवाजावर मी झोपायची. ते बुजवलंत तर ही आमची बोट कशी राहील?"

रॉयस्टनने वाकून पाहिलं. धारेचे थेंब झाले होते. "पंप पुरेल," तो म्हणाला. त्याचं हे वर्षातलं पहिलं गोड भाषण. पावणेबाराला ऑलिव्हने सुकाणू धरलं आणि टिटवीला बाहेर नेलं. मागे वळून पाहिलं नाही, कारण पाठीमागे दृश्य अडवून मी उभा होतो.

भावोजींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझा धाकटा,
हेरंब

ता. क. गुरुवारी डावी कूस रंगवणारा एक ब्रश माझ्या हातात होता. माझी वर्तुळं मीच झाकली. ऊन पडलं होतं गं.

ता. क. दुसरा. मे महिन्यात येणार आहात ना? आईचं पितळी घंगाळ घेऊन या. (हो, तेच. चौथ्यांदा मागतो आहे.) भावोजींनी त्यात लावलेला मनी प्लांट बादलीतही जगेल. काल संध्याकाळी ऑलिव्ह तासभर केबिनमध्ये बसली होती, थेंबाखाली प्लास्टिकचा टब ठेवून. मी ऐकलं, अगदी बद्द वाजत होता. ती म्हणाली, "हा नव्हे तो आवाज, बदका. आईचं भांडं पितळेचं होतं."