एका ताण्याच्या दोन साड्या

बाबा, काल तुमच्या दोन साड्यांनी भंडाऱ्यातला अख्खा हॉल उभा केला. माझे पाय अजून जमिनीवर आलेले नाहीत. सकाळपासून दोनदा चहा उतू गेला, मागावर बसले तर काठाचा धोटा चुकीच्या बाजूने टाकला, तेव्हा म्हटलं आज विणायचं नाव नको, आधी तुम्हाला सांगून टाकू. सांगायचं दोन कारणांसाठी आहे. एक म्हणजे काल जे झालं ते तुमच्यामुळे झालं आणि तुम्ही अकरा वर्षांपूर्वी निघून गेलात, याचा मला रागच आला आहे. दुसरं म्हणजे, त्या साड्यांचा सिनेमा आपण नागपूरला पाहिला तेव्हा मी तुमच्या कानात जे जे सांगितलं त्यातलं निम्मं खोटं होतं. ते दुरुस्त करायचं आहे.

सिनेमा काढणारी बाई आपल्या दारात आली तो दिवस मला काल घडल्यासारखा दिसतो. गल्लीत पाजणी चालू आहे, उभ्या धाग्यांचा ताणा या टोकापासून त्या टोकापर्यंत ताणलेला, आणि तुम्ही हातात कुंचा घेऊन त्याला खळ मारता आहात. तिला गाडी कोपऱ्यावर ठेवून ताण्याच्या कडेकडेने चालत यावं लागलं. तुम्ही तिच्याकडे पाहिलंही नाही, कारण खळ वाळायच्या आत हात फिरला पाहिजे, मग दारात कोणी का येईना. शंभर वर्षांपूर्वीच्या जमीनदार मालगुजाराच्या बायकोसाठी साडी पाहिजे, ती म्हणाली. कोशाच्या रेशमाची, करवतकाठी, काठाचे दाते हाताने गुंतवलेले. मशीनचा काठ कॅमेऱ्यात लगेच ओळखू येतो म्हणे. तेव्हा कुठे तुम्ही मान वर केली आणि तिच्यासमोरच मला म्हणालात, "बाई समजदार दिसते." जणू तिला मराठी कळतच नव्हतं. साडी एकच हवी होती. तिने तीनदा सांगितलं, एकच. तुम्ही तीनदा मान डोलावली, आणि विणल्या दोन.

आता मी हे शहरातल्या लोकांना समजावून सांगते तेव्हा ते हसतात, पण आपल्या गल्लीत एका साडीसाठी ताणा लावायला बसतं कोण? लावला की दोन निघतात, आणि त्या दोन शक्यतो एकाच घरात जातात, एका मांडवातून आलेल्या दोन सुनांच्या अंगावर. तुम्ही जन्मभर तेच करत आलात. "एकच" हा शब्द तुमच्या कानावर पडला, हातापर्यंत पोचलाच नाही. पार्सल मिळाल्यावर तिचा फोन आला, दोन कशा? तुमचे कान तेव्हा बरेच गेले होते, म्हणून तुम्ही फोनवर अर्ध्या गल्लीला ऐकू जाईल असं बोलायचे. "दुसरी ठेवा," तुम्ही ओरडलात, "कोणाले तरी द्याल." फोन माझ्या हातात दिला आणि जेवायला बसलात. बाबा, त्या एका वाक्यावर त्या बाईने सिनेमाची गोष्ट बदलली. हे तिनेच मला पुढे सांगितलं.

गोष्ट मुळात अशी होती. मालगुजार कोर्टकज्ज्यांसाठी वर्षानुवर्षं नागपूरला जाऊन बसलेला, त्याची बायको मोठ्या घरात एकटी, आणि गावात तापाची साथ. मिशनच्या दवाखान्यातून एक नर्स कोयनेलच्या गोळ्या घेऊन येते. ताप उतरतो, नर्स मात्र जायचं नाव घेत नाही, आणि हळूहळू त्या दोघींचा एकमेकींवर जीव जडतो. दुसरी साडी हातात आल्यावर त्या बाईने नवीन प्रसंग घातला. मालगुजारीण पेटीतून सारख्या दोन साड्या काढते, एक स्वतः नेसते, एक नर्सला नेसवते, आणि दोघी तलावाच्या पाळीवरून, त्या मातीच्या बांधावरून, चालत जातात. पलीकडच्या काठावर गडी उभे आहेत. त्यांना कळत नाही मालकीण कोणती. एवढाच प्रसंग, त्यात एक शब्द नाही. आज तो सिनेमा ज्याला आठवतो त्याला तो याच प्रसंगासाठी आठवतो.

आपण तिघं नागपूरला गेलो. मी मध्ये, तुम्ही माझ्या डावीकडे, मॅडम उजवीकडे. मॅडम म्हणजे आपल्या माडीवरच्या खोलीत राहणाऱ्या गणिताच्या बाई. तेव्हा त्यांना आपल्याकडे येऊन सहा वर्षं झाली होती आणि तुम्ही त्यांना शाळेतल्या पोरांसारखं मॅडमच म्हणायचे. सिनेमा कशाबद्दल आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. पहिल्या अर्ध्या तासात कळलं. तुम्हाला पडद्यावरचं नीट ऐकू येत नव्हतं, त्यामुळे संवाद मी तुमच्या कानात सांगत होते. तुम्ही विचारलंत, "ह्या दोघी कोण होत एकमेकीच्या?" मी म्हणाले, "जावा हायेत." तुम्ही थोडा वेळ पडद्याकडे पाहिलंत. "मालगुजाराच्या घरची जाव सुया टोचत फिरते?" मी म्हणाले, "शिकलेली हाय ना, बाबा." मग तो कंदिलाचा प्रसंग आला, ज्यात नर्स तिच्या कपाळावर ओठ टेकते आणि मग कपाळावर थांबत नाही. "आता काय झालं?" तुम्ही विचारलंत. मी म्हणाले, "ताप पाहून राहिली."

"ओठानं?" तुम्ही म्हणालात.

ऐकू न येणाऱ्या माणसाला आपला आवाज किती मोठा आहे ते कळत नाही. सबंध थेटरात तो शब्द गेला. मागच्या रांगेत कोणीतरी खुसकन हसलं. अंधारात मॅडमनी माझा हात धरला होता, तो मी सोडवून घेतला आणि मांडीवरची पिशवी दोन्ही हातांनी धरून बसले. पुढचा सगळा सिनेमा मी तुम्हाला जावांचाच सांगितला. घर कसं सांभाळतात, एकमेकीला कशी मदत करतात, असलं काहीबाही. पडद्यावर दोन बायका एकमेकींसाठी जग सोडायला निघाल्या होत्या, आणि मी तुमच्या कानात लोणच्याच्या बरण्या भरत होते. बाहेर चहाच्या टपरीवर तुम्ही म्हणालात, "दुसरी साडी त्या पोरीले जास्त शोभली." पुढे बसमध्ये भंडारा येईपर्यंत डोळे मिटून होतात. तिथे गाडी बदलायला उतरताना एवढंच विचारलंत, "दोन्ही नीट ठेवल्या असतीन ना त्याईनं?" मी हो म्हणाले. तुम्ही त्या सिनेमाबद्दल बोललात ते इतकंच.

त्याच वर्षी उन्हाळ्यात, सिनेमाच्या आधी, तुम्ही मला बोलला होतात. स्वयंपाकघरात पाटावर बसून जेवत होतात, मी भाकर थापत होते. तुमसरच्या बिजवराला मी नाही म्हटल्याचं तुम्हाला बाहेरून कळलं होतं. ताट पुढे सरकवलंत. "तुले माणूस नको, लेकरू नको. मंग पाहिजे तरी काय तुले? माह्यामांगं कोण पाहीन तुले?" मी म्हणाले, "मी माग चालवीन." तुम्ही म्हणालात, "माग काय रात्री पाणी आणून देते काय?" वर माडीवर मॅडम वह्या तपासत होत्या, त्यांच्या खुर्चीचा आवाज येत होता. मी छताकडे बोट दाखवलं असतं तरी पुरलं असतं. मी तव्यावरची भाकर उलटली. त्या दिवशी तुम्ही अर्धपोटी उठलात, आणि सिनेमा पाहून आल्यावर स्थळाचा विषय पुन्हा कधी काढला नाहीत.

सिनेमा तेव्हा आठवडाभरही टिकला नाही. आपल्या गल्लीत तर त्याचं नावही कोणी घेतलं नाही. पण तुम्हाला आताचं सांगते, ऐका. पोरी आता मोबाइलवर तो पाळीवरचा प्रसंग एकमेकींना पाठवतात. पुण्याहून, अमरावतीहून, कुठून कुठून आपल्या दारात येतात आणि विचारतात, "त्या जोडीच्या साड्या इथंच विणल्या होत्या का?" तुमचा माग पाहून त्याला हात लावतात. एक तर मागाच्या पाय सोडायच्या खड्ड्यात उतरून बसली आणि निघायलाच तयार नाही. तुम्ही हाकललं असतंत. करडी गावची एक नर्सिंग शिकणारी पोट्टी मला म्हणाली, "काकू, मी आईले दाखवला. आई म्हणे साड्या चांगल्या हायेत. बस, एवढंच म्हणे. पण उठली नाही, शेवटपर्यंत पाह्यला तिनं." हे सांगताना ती इतकी खूश होती की मला तिला जेवायला वाढावंच लागलं.

मी स्वतः तो नऊ वेळा पाहिला आहे. का पाहते, विचाराल. कारण शेवटी कोणी मरत नाही, बाबा. असल्या गोष्टींत कोणीतरी विहिरीत उडी घेणार, नाहीतर वेडं होणार, हे मी धरूनच चालले होते. इथे त्या दोघी भरदुपारी बैलगाडीत बसतात आणि गावातून निघून जातात. ओसरीवरचा कारभारी पाहतो, विहिरीवरच्या बायका पाहतात, आणि कोणी अडवत नाही, कारण दोन बायकांमध्ये अडवण्यासारखं काही असेल हे त्यांच्या डोक्यातच येत नाही. प्रत्येक वेळी मला वाटतं आता कोणीतरी गाडी थांबवेल. प्रत्येक वेळी गाडी वळणावरून दिसेनाशी होते आणि मी लहान पोरीसारखी टाळ्या वाजवते. मॅडम म्हणतात, "अगं, नववी वेळ हाय." मग त्याही डोळे पुसतात.

काल एका कॉलेजच्या हॉलमध्ये तो दाखवला. विणकर बायकांच्या कापडाचं प्रदर्शन होतं आणि शेवटी हा सिनेमा. पाळीवरचा प्रसंग आला आणि मागच्या पोरी उभ्याच राहिल्या, मग पुढच्यांना दिसेना म्हणून त्या राहिल्या, आणि असं करत सगळा हॉल उभा. संपल्यावर मला दोन शब्द बोलायला बोलावलं. मी थेटरातली तापाची गोष्ट सांगितली. "ओठानं?" हे तुमच्याच आवाजात म्हणून दाखवलं आणि बाबा, लोक खुर्च्यांवरून पडायचे बाकी होते. हसणं थांबल्यावर एका मुलीने विचारलं, "काकू, मंग तुमी खोटं काहून सांगितलं?" पहिल्या रांगेत मॅडम बसल्या होत्या, केस आता पांढरे झालेत, मांडीवर पर्स. मी म्हणाले, "त्या पुढे बसल्या ना, त्या माझ्या मॅडम. एकवीस वर्षं आम्ही एका घरात राहतो, आणि आम्ही जावा नाही."

आपल्या गल्लीतले दोघं उठले आणि मागच्या दाराने गेले, यापुढे ते नमस्कार करणार नाहीत हे मला ठाऊक आहे. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि हॉल कोसळलाच. मॅडमनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला, पुन्हा काढला. मला इतकं हलकं वाटलं की मी माइक सोडायलाच तयार नव्हते. त्या मुलीने पुन्हा हात वर केला. "आन् बाबाले कळलं का मंग? ते काय म्हणाले?"

बाबा, मी म्हणाले, "बाबांना सगळं कळलं होतं. ते म्हणाले, एका ताण्याच्या दोन साड्या दोन घरी जाऊ देऊ नये." सगळ्यात जास्त टाळ्या त्या वाक्याला पडल्या. पोरी येऊन माझ्या पाया पडल्या, तुमचा फोटो आहे का विचारलं. करडीच्या पोट्टीने ते वाक्य वहीत लिहून घेतलं. परतताना बसमध्ये मॅडमनी आम्हा दोघींची तिकिटं काढली. मग म्हणाल्या, "तू मले हे कधी सांगितलंच नाही. मी तर इतकी वर्षं समजून होते का त्याईले मी चालत नव्हती." मी म्हणाले, "बोलताना आठवलं." त्यांनी माझा हात धरला, भर बसमध्ये, आणि घर येईपर्यंत सोडला नाही. मीही सोडवला नाही.

तुम्ही असं काही म्हणाला नव्हतात. स्थळाचा विषय काढणं बंद केलंत ते कळलं म्हणून, की तुमचे गुडघे गेले, स्थळं शोधत हिंडणं सुटलं आणि मी पस्तिशी ओलांडली म्हणून, हे मला आजही सांगता येणार नाही. सिनेमानंतर चार वर्षं तुम्ही समोर बसून जेवत होतात. मी विचारू शकले असते. विचारलं नाही, कारण तुम्ही दुसरंच काही म्हणाल अशी मला भीती होती. मॅडम आज सकाळपासून गुणगुणत जिना चढउतर करताहेत. त्यांना मी खरं सांगणार नाही, आणि हे पत्र त्यांच्या हाती लागू देणार नाही.