डाव्या, छे छे, उजव्या

२ जुलै

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मिळालं. मामींचा गुडघा सुधारतो आहे हे वाचून बरं वाटलं. तुमच्या क्लॅरिनेटच्या शिकवणीतली मुलं अजून भांड्यावर चमचा घासल्यासारखं वाजवतात हे वाचून त्याहून बरं वाटलं. म्हणजे जगात रडतखडत शिकवणारी मी एकटीच नाही!

माझा आठवीचा वर्ग विज्ञानाच्या तासाला तोंडात मिठाची गुळणी धरून बसतो. हृदयाचा धडा मी तीनदा शिकवला. चौथ्यांदा विचारलं, तर शेवटच्या बाकावरच्या आमच्या मुकीने (ती मुकी नाही, पण वर्गात तिचा आवाज कोणी ऐकलेला नाही) खिडकीबाहेर बघायला सुरुवात केली. म्हणून मी एक गाणं लिहिलं आहे. सोबत पाठवते, त्याला चाल लावून द्या.

मोठ्या बाईंना, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांना, हा प्रकार पसंत नाही. विज्ञान गळ्याने नाही, डोक्याने शिकायचं असतं असं त्या म्हणाल्या. बऱ्याच विनवण्यांनंतर तयार झाल्या, पण अट घातली. चाचणीत या धड्याचे मार्क वाढले नाहीत तर गाणी बंद, आणि मी गुपचूप प्रश्नोत्तरं लिहून द्यायची. मामा, तसं शिकवायचं असेल तर मी या नोकरीत कशाला राहू? मी हे गमतीत लिहीत नाही.

लोभ आहेच, तो चालीसकट धाडावा.

आपली,
मिरी

९ जुलै

चि. मिरीस अनेक आशीर्वाद.

तुझं गाणं वाचलं. ‘अलिंद’ आणि ‘निलय’ ही हृदयाच्या कप्प्यांची नावं आहेत हे खाली लिहिलंस ते बरं केलंस. मला वाटलं, तुझ्या वर्गातली दोन गुणी मुलं असावीत. पण शब्द गोड आहेत, सुरात छान बसले. मागे तू ‘प्रकाशसंश्लेषण’ पाठवलं होतंस, त्याला चालीत बसवताना माझ्या नाकी नऊ आले होते.

सोबत कॅसेट आहे. गायलो मी, वाजवलं मी, मधे कुकरची शिट्टी आहे ती तुझ्या मामीची. शब्दांवरून एक-दोन ठिकाणी हात फिरवला आहे. काळजी करू नकोस, या कामात माझे केस पांढरे झाले आहेत.

मामी विचारते आहे, त्या मुख्याध्यापिका लहानपणी कधी गायल्याच नाहीत का. जेवणाची आबाळ करू नकोस. लोभ आहे, तो असाच सुरात राहो.

तुझा,
मामा

२४ जुलै

ती. मामांस,
सा. न.

हात फिरवला की नांगर?

कॅसेट आली त्या दिवशी माझा घसा बसला आणि मी आठवडाभर घरी पडून होते. खेळाच्या सरांनी माझा तास घेतला, म्हणजे कॅसेट लावून दिली आणि स्वतः पेपर वाचला. मी परत गेले तर अख्खी शाळा गाते आहे. शिपाईकाका घंटा देताना गातात. चाल इतकी झक्क आहे की मला तुमचा राग येतो! आणि सगळे गातात काय?

थकलं रक्त डाव्या दारी,
फुप्फुसाकडे निघे सवारी,
ताजं होऊन उजव्या घरी,
मग अंगभर त्याची फेरी.

मामा, मी ‘उजव्या दारी’ आणि ‘डाव्या घरी’ लिहिलं होतं. थकलेलं रक्त हृदयाच्या उजव्या बाजूला येतं, तिथून फुप्फुसात जातं, ताजं होऊन डाव्या बाजूला परततं. तुम्ही सगळं उलटं केलंत!

दोन दिवस मी बरोबर शब्द गाऊन घेतले. पहिली ओळ सांभाळून म्हणतात, तिसरीला जीभ घसरतेच. फळ्यावरची चूक पुसता येते, गळ्यातली कशी पुसायची? चाचणी तोंडावर आली आहे. सगळा वर्ग एका सुरात चुकेल आणि मोठ्या बाई माझी गाणी बंद करतील.

राग गेला की लोभ ठेवीनच.

मिरी

२९ जुलै

चि. मिरीस आशीर्वाद.

चुकलो. हृदय मुळात डावीकडे, मग गाणं उजव्याने कसं सुरू करायचं, असं मला वाटलं. तू घाईत उलट लिहिलं असशील म्हणून सुधारलं. मामी म्हणाली, हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. कालपासून ती मला चहा उजव्या हातात देते आणि डावा म्हणते.

आता ऐक. शिकवणीतला एखादा मुलगा महिनाभर एक सूर चुकीचा घोकून येतो. त्याच्याकडून मी बरोबर सूर घोकून घेत नाही. त्याचा उपयोग होत नाही, बोट सवयीने जुन्या जागीच जातं. मी त्याला चूकच वाजवायला लावतो. मुद्दाम, सावकाश, ही चूक आहे असं सांगून. चूक जाणूनबुजून वाजवता आली की ती आपोआप व्हायची थांबते. मी स्वतः याच वाटेने शिकलो आहे.

तेव्हा ‘डाव्या’ म्हणू दे. तिथे थांबव, ‘छे छे!’ म्हणायला लाव आणि मग ‘उजव्या दारी’. तिसऱ्या ओळीतही तसंच. ‘छे छे’ ठसक्यात हवं, मामी मला म्हणते तसं.

माझ्यामुळे तुझं गाणं बंद पडलं तर मला अन्न गोड लागणार नाही. लगेच कळव. लोभाचं तू म्हणशील तसं.

मामा

१४ ऑगस्ट

ती. मामांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या ‘छे छे’ने वर्ग वेडा झाला. शेवटच्या बाकावरची मुकीसुद्धा ‘छे छे’ म्हणते, आणि काय तोऱ्यात म्हणते! मुलांनी चाचणी दिली, पेपर सोपा गेला म्हणाली. मी हवेत होते.

आज मोठ्या बाईंनी बोलावलं. टेबलावर वर्गाचे सगळे पेपर पसरलेले. जवळजवळ प्रत्येकाने ‘डाव्या’ लिहून खोडलं आहे आणि पुढे ‘उजव्या’ लिहिलं आहे. खाली तसंच उलट. सगळ्यांची खाडाखोड एकाच जागी! सामुदायिक कॉपी झाली असं त्यांचं ठाम मत आहे. मी गाण्याचं सांगितलं, तर मुलांना चूक शिकवलीत हे वर आणखी कबूल करता, असं म्हणाल्या. आगीतून फुफाट्यात, दुसरं काय. उद्या सुट्टी आहे, परवा त्या वर्गावर येऊन स्वतः विचारणार आहेत. मला दाराबाहेर उभं राहायचं आहे.

मामींना नमस्कार. आज लोभ फार हवा आहे.

मिरी

१७ ऑगस्ट

ती. मामांस,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाचा.

मोठ्या बाई वर्गात गेल्या. बाकं लांब लांब करवली, एकेकाला उभं करून विचारलं. पोरं घाबरून गप्प. बाहेर माझ्याच छातीत तुमचा ठेका चालू होता. मग त्यांनी मुकीला उभं केलं आणि तिने हे कोणाचं बघून खोडलं असं विचारलं. मला वाटलं, संपलं.

ती बोलली, मामा! खणखणीत बोलली. कोणाचं बघितलं नाही, म्हणाली. ती चूक आमची नाही, बाईंच्या मामांची आहे, पण आम्हाला ती पाठ आहे. मोठ्या बाईंनी विचारलं, चूक कशाला पाठ करायची? तर म्हणाली, ती कुठे आहे ते माहीत असलं की तिच्यात परत पाय पडत नाही. मग न विचारता फळ्यापाशी गेली, हृदय काढलं, रक्ताची अख्खी वाट बाणांनी दाखवली. एकही बाण खोडावा लागला नाही. मी दाराबाहेर ढसाढसा रडले, शिपाईकाकांनी पाणी आणून दिलं.

 बाहेर येऊन मोठ्या बाई एवढंच म्हणाल्या की पुढचा धडा मूत्रपिंडाचा आहे, तेव्हा मामांना त्यातही एक चूक करायला सांगा.

लोभ दुप्पट झाला आहे, हिशेब ठेवू नये.

आपली,
मिरी

२३ ऑगस्ट

चि. मिरीस अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र मामीला दोनदा वाचून दाखवलं. त्या मुलीला माझा नमस्कार सांग, आशीर्वाद नको, नमस्कारच.

मोठ्या बाईंच्या हुकुमाप्रमाणे चूक करायला बसलो. जन्मभर बिनबोभाट जमलेली गोष्ट, पण आता होईना. बरोबर काय तेच माहीत नसेल तर चूक कुठे करायची? म्हणून शेजारणीच्या मुलीचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणलं. शाळेत असताना मी या विषयाच्या तासाला मागच्या दाराने पळत असे. काल दुपारभर वाचलं, शिकवणीची मुलं दारातून परत पाठवली.

मूत्रपिंड रक्त गाळतं इथपर्यंत समजलं. पण गाळून झाल्यावर त्यातलं चांगलं ते परत रक्तात घेतं म्हणे. ते कसं ओळखतं, कुठलं ठेवायचं आणि कुठलं टाकायचं? हे नीट लिहून कळव, चित्र काढून. चालीची घाई नाही. मला ते समजून घ्यायचं आहे.

लोभ आहेच, उत्तर मात्र लवकर असावे.

तुझा,
मामा