व्हिनेगर घेऊन नव्वदच्या आत

३ मार्च, सोमवार
ऑफिसात टेबलावर पत्र. लिफ्टच्या शाफ्टमध्ये काम करणाऱ्या मेकॅनिकचं वजन नव्वदच्या आत हवं. सेफ्टी बेल्ट शंभर किलो पेलणारा, हत्यारांची पिशवी दहाची, उरले नव्वद. ११ एप्रिलला तपासणी. नापास होईल तो तक्रारींच्या फोनवर. तिथल्या बाई एप्रिलअखेर रिटायर होतायत.
पत्र सगळ्यांनाच आलं असणार. कोणी बोलत नाही. घाबरले असतील.
मी नाही घाबरलो. चोवीस वर्षं लिफ्ट दुरुस्त करतोय, मला कोण फोनवर बसवतंय!
घरी वजन केलं. ९७.४. पण त्यात कपडे, किल्ल्या, जेवण. खरं पंच्याण्णव धरायला हरकत नाही. पाच किलो, सहा आठवडे. डाव्या हातचा मळ.

४ मार्च, सकाळी ६.१०
उपाय सापडला. सफरचंदाचं व्हिनेगर. व्हिडिओत एक पिळदार गृहस्थ सांगत होता: रोज अनशापोटी दोन चमचे पाण्यातून. चरबी वितळते, पचन सुधारतं, कांती उजळते. कांतीचं मला काही पडलेलं नाही, पण आपसूक उजळणार असेल तर नाही कशाला म्हणा.
दुकानदाराने विचारलं, मदरवालं देऊ की साधं? बाटलीच्या तळाशी गढूळ साका असतो, त्याला मदर म्हणतात म्हणे. मदरवालं घेतलं. पोरकं व्हिनेगर कशाला प्या?
प्यायलो. घसा, छाती, पोट, अशी ओळीने आग. म्हणजे काम सुरू झालं.
संकल्प: रोज न चुकता. केक बंद. वजन फक्त रविवारी.

तोच दिवस, ६.४५
वजन केलं. ९७.४. मशीन अजून थंड असेल.

६ मार्च
दोन चमच्यांचं प्रमाण बारक्या लोकांसाठी असणार. आजपासून अर्धा कप.
स्वस्थ बसवत नाही. चालत ऑफिसला निघालो, अर्ध्या वाटेत बस पकडली, दोन स्टॉप आधी उतरलो, मग मागून आलेली दुसरी पकडली. शरीर पेटून उठलंय.
दुपारी एका इमारतीच्या मॅनेजरला दुरुस्त झालेली लिफ्ट दाखवत होतो. बंद केबिन, आम्ही तिघं, आणि मला ढेकर आला. मॅनेजर पुढच्याच मजल्यावर उतरून जिन्याने गेले. जाताना म्हणाले, शाफ्टमध्ये काही सडलंय का तेवढं बघा. बघतो म्हटलं.
सुतळी भिंतीकडे तोंड करून हसत होता. सुतळी म्हणजे माझा जोडीदार. अंगाने तसाच आहे म्हणून हे नाव, मीच ठेवलेलं. अकरा वर्षं माझ्या हाताखाली. केबिनच्या छताला झाकण असतं, त्यातून वर चढून तो काम करतो. मी खाली राहून पॅनेल बघतो. अनुभवी माणूस खाली लागतो.

९ मार्च, रविवार
९७.९. साहजिक आहे. व्हिनेगर पोटात गेलं तर त्याचं वजन कुठे जाणार? शिवाय बाथरूमची फरशी उतरती आहे. मशीन बाल्कनीत नेलं. ९७.१. म्हणजे आठशे ग्रॅम उतरले. आठवड्याला आठशे. हिशेब उद्या करू.

१२ मार्च
ऑफिसात कुणाचा तरी वाढदिवस. केक. घेतला नाही तर माणूस दुखावतो. दोन तुकडे. वर लगेच व्हिनेगर घेतलं, म्हणजे फिटंफाट.
हे तत्त्व फार उपयोगी आहे. रात्रीच्या तळलेल्या बटाट्यांनाही लावलं.

१५ मार्च
मुलगी म्हणाली, बाबा, तो व्हिडिओवाला स्वतःच व्हिनेगर विकतो, खाली लिंक आहे. मी म्हटलं, मग त्याच्याइतकं त्यातलं कोणाला कळणार? तिला पटलं असावं. कानात इअरफोन घातले.
बायको म्हणते स्वयंपाकघरात उभं राहवत नाही, लोणच्याच्या बरणीत राहतोय असं वाटतं. रोज सकाळी मी कप भरला की ती शेजारणीबरोबर तासभर फिरायला निघून जाते. जाऊ दे. मोठ्या कामात घरच्यांची साथ क्वचितच मिळते.

१९ मार्च
एक किरकोळ घटना.
अकरा मजली इमारत. वर मशीनरूममध्ये हत्यारांच्या पिशवीत माझी बाटली फुटली. पाना पडला तिच्यावर. व्हिनेगर फटीतून शाफ्टमध्ये गेलं आणि वास अकराही मजल्यांना पोचला. कोणीतरी ओरडलं, ॲसिड गळतंय. मग सगळी इमारत जिन्याने खाली. तिसऱ्या मजल्यावर दाताचा दवाखाना आहे, तिथला एक पेशंट गळ्याला कागदी रुमाल आणि तोंडात कापूस अशा अवस्थेत फुटपाथवर उभा होता. अग्निशमनवाले आले. त्यांच्यातल्या एकाने वास घेतला आणि विचारलं, सॅलड कुठे आहे?
साहेब येऊन थडकले. पिशवी कोणाची? मी सांगणारच होतो. एवढ्यात सुतळी म्हणाला, माझी. त्याला लेखी ताकीद मिळाली.
चांगला आहे बिचारा. मी बोलणार होतो, पण एकदा तो बोलून गेल्यावर साहेबांपुढे त्याला खोटं पाडणं बरं दिसलं नसतं.

२४ मार्च
पाणी प्यायलं तरी दातांतून कळ जाते. डेंटिस्टकडे गेलो. त्या इमारतीतल्या नव्हे, मुद्दाम लांबच्या. बाईंनी विचारलं, आंबट काही खाता का? म्हटलं, कधीमधी. त्यांनी आरसा घालून पाहिलं आणि म्हणाल्या, कधीमधी म्हणजे दिवसातून किती वेळा?
दातांवरचं आवरण झिजलंय. आंबट बंद करा म्हणाल्या.
मार्ग काढला. स्ट्रॉ.

२८ मार्च, पहाटे
आडवं झालं की छातीत जळतं. चार दिवस खुर्चीत बसून झोपतोय. ताईचा फोन आला होता. ती नर्स. सगळं सांगितल्यावर म्हणाली, अरे, याला वजन उतरणं नाही, ॲसिडिटी म्हणतात. ताईचा स्वभाव लहानपणापासून असाच. आपलं काही चांगलं चाललेलं तिला दिसतच नाही.
बायकोचे कपडे तिला सैल होतायत. चार किलो उतरली म्हणे. तरी एक थेंब प्यायली नाही. मी विचार केला. एकच कारण संभवतं. वासानेसुद्धा गुण येतो.

१ एप्रिल
आज सुतळी चिडला. अकरा वर्षांत पहिल्यांदा.
व्हॅनमध्ये बसता बसता मी म्हटलं, तपासणी झाली की मी परत वर चढणार, तू खाली थांब. तो म्हणाला, दादा, दोन वर्षं झाली, मी एकटाच वर जातोय. नियम वर दोघांनी जायचा आहे. एकाने बोल्ट बघायचा, दुसऱ्याने स्टॉपच्या बटणावर हात ठेवायचा. माझ्या बटणावर कोणाचा हात असतो?
मी म्हटलं, मी खाली पॅनेलजवळ असतो ना! तो म्हणाला, खाली तुम्ही फोनवर वजन कमी करण्याचे व्हिडिओ बघता.
हे अर्धसत्य आहे. दोन वर्षांपूर्वी व्हिडिओ बघत नव्हतो.
एप्रिल फूल करत असेल असंही मनात येऊन गेलं. पण पोचल्यावर तो पिशवी उचलून एकटाच वर चढला.

४ एप्रिल
त्याला दाखवून द्यायचं ठरवलं. सकाळी पाऊण कप घेतला, दुपारी जेवलो नाही. केबिनमध्ये शिडी लावली, झाकण उघडलं, वर निघालो.
खांदे गेले. बाकीचं राहिलं.
पस्तीस मिनिटं. सुतळी खालून पाय धरून ओढत होता आणि सांगत होता, दादा, श्वास सोडा. श्वास सोडला की व्हिनेगर वर यायचं. शेवटी शर्ट फाटला तेव्हा सुटलो.
वाटलं होतं हसेल. हसला नाही. पाणी दिलं आणि पाठीवर खरचटलं होतं तिथे मलम लावलं.
झाकणाची चौकट गंजून आत आली असावी. मोजायला हवी.

६ एप्रिल, रविवार
बाल्कनीत ९८.२. बाथरूममध्ये ९८.८. स्वयंपाकघरात ९८.५. जिन्यात नेऊन पाहणार होतो, तेवढ्यात मुलीने मशीन हातातून काढून घेतलं. म्हणाली, बाबा, बसा ना जरा. बसलो. दोन मिनिटांनी उठलो.

१० एप्रिल
उद्या तपासणी. आज फक्त व्हिनेगर आणि पाणी. संध्याकाळी चक्कर आली म्हणून ब्रेड. मग अंडी. मग बायकोने वाढलं ते सगळं. ती समोर बसून बघत होती. म्हणाली, अहो, फोनवर बसावं लागलं तर काय बिघडतं? तिला शाफ्टमधलं काय कळणार? खाली काळोख, वर एक दिवा, आणि सगळी इमारत आपल्या हातावर लटकलेली. हे कोणाला सांगून कळत नाही. मी तिला सांगितलंही नाही.

११ एप्रिल, शुक्रवार
९८.६.
कंपनीच्या डॉक्टरांनी घसा बघितला, पोट दाबलं, विचारलं. या वेळी खरं सांगितलं. ते रागावलेसुद्धा नाहीत. म्हणाले, आजपासून थेंबही नको. औषध लिहून दिलं.
साहेबांकडे गेलो. म्हटलं, बाकीच्यांचं काय झालं? किती जण पास? साहेब बराच वेळ पेनाचं टोपण लावत बसले. मग म्हणाले, बाकी कोणाची तपासणी नव्हती. पत्र तुम्हालाच होतं.
त्यांनी सांगितलं, जानेवारीत सुतळी वर असताना त्याचा पाय सरकला होता. केबिन अर्धा मजला हलली. वर दुसरं कोणी नव्हतं, आणि खालच्या पॅनेलवरचं बटणही कोणी दाबलं नाही. तो साहेबांकडे आला आणि म्हणाला, मला वर दुसरा माणूस हवा, पण दादांना माझं नाव सांगू नका, वाईट वाटेल. म्हणून साहेबांनी वजनाचं काढलं. म्हणाले, नव्वदच्या आत आला असतात तर मला आनंदच झाला असता.
जानेवारी आठवून बघतोय. मी तेव्हा खाली होतो. नक्की खाली होतो. काय करत होतो, आठवत नाही.

१२ एप्रिल
आठवलं. लिहीत नाही.

५ मे, सोमवार
फोनवरचा पहिला दिवस. सकाळभरात अकरा कॉल. दरवाजा लागत नाही, दिवा गेलाय, लिफ्टला आवाज येतो. सगळ्यांना तक्रार नंबर दिले.
सव्वातीनला एक आजी. सातव्या आणि आठव्याच्या मध्ये अडकलेल्या, एकट्या. रडत होत्या. वायरलेसवर सुतळीला कळवलं. तो त्याच्या नव्या जोडीदाराबरोबर निघाला. वीस मिनिटं म्हणाला.
वीस मिनिटं मी आजींशी बोलत राहिलो. हवा येते, घाबरू नका, खाली बसा, भिंतीला टेका. त्या दर मिनिटाला विचारायच्या, तुम्हीच येताय ना? मी म्हणायचो, निघालेत, पोचतायत. शेवटी त्या म्हणाल्या, नीट सांगा हो, तुम्ही येताय की नाही?
म्हटलं, मी नाही येत. दुसरा माणूस येतोय.
त्यांनी विचारलं, भरवशाचा आहे का?
हो म्हटलं. फार. मग छतावर त्याचे पाय वाजलेले मला फोनमधून ऐकू आले.