डांगराचं मोकळं आळं

आई,

तुला लिहायचं मी किती दिवस पुढं ढकलतोय, ते तुला वेगळं सांगायला नको. शाळेत निबंध म्हटलं की मला लगेच तहान लागायची, तसंच हे. आधी म्हटलं, ऊन जरा उतरू दे. मग म्हटलं, आळी खणून होऊ देत. आता आळी खणून झाली, शेणखत भरून झालं, मृग तोंडावर आला, आणि परसातलं एक आळं तेवढं मोकळं राहिलंय. त्याच्याकडं बघत मागच्या पायरीवर बसून लिहितोय. ते आळं डांगराचं. तुझ्या त्या तांबड्या डांगराचं. तात्यांनी सांगितलंय, यंदा अविधवा नवमीला तुझ्या पानात भाजी ठेवायची ती बाजारच्या भोपळ्याची नाही, आपल्या परसातल्या डांगराची. तात्यांनी मला जन्मात दुसरं काही मागितल्याचं आठवत नाही. आणि नेमकं तेच बी आपल्या घरात नाही.

ते कसं गेलं हे तुला कुणी सांगितलं नसणार. तू दरसाल बुंध्याजवळचं पहिलं डांगर बियाण्याला राखायचीस. देठ वाळेपर्यंत त्याला कुणी हात लावायचा नाही. मग बी धुवायचं, सावलीत सुकवायचं, ताज्या शेणात कालवायचं आणि परसाच्या भिंतीवर गवरी थापायची. कुठल्या गवरीत काय आहे ते कळावं म्हणून वर खूण दाबायचीस. काकडीला चिंचोका, डांगराला फुटक्या बांगडीचा तुकडा, दुधीला काहीच नाही. मी विचारलं होतं, शेणातच का? तू म्हणाली होतीस, "शेणात किडा शिरत न्हाय, आन उंदराला वाटतं ही नुसती गवरी." उंदराचं माहीत नाही, पण माणसांना तसंच वाटलं. तुझ्या दहाव्याला घर भरलं होतं. आंघोळीच्या पाण्याला जळण कमी पडलं, आणि मदतीला आलेल्या बायकांपैकी कुणीतरी भिंतीवरच्या सगळ्या गवऱ्या उतरवून चुलीत सारल्या. कुणाला काय बोलणार? त्या बिचाऱ्या आमचंच पाणी तापवत होत्या. दुसऱ्या दिवशी तात्या चुलीतली राख काढायला बसले. राखेत त्यांना बांगडीचा तुकडा सापडला, वेडावाकडा झालेला. त्यांनी तो पैरणीच्या वरच्या खिशात टाकला आणि राख नेऊन कढीपत्त्याच्या बुडाशी पसरली. मी तेव्हा चौथीत होतो. मला वाटलं, बी राखेत असेल तर कढीपत्त्याखालीच उगवेल. त्या पावसाळ्यात मी रोज सकाळी तिथं उकिडवा बसून बघायचो. तण आलं. आघाडा आला. तात्या मला तिथं बसलेलं बघायचे.

पुढं मी कुठं एका जागी बसलो नाही. दहावीला गणितात उडालो आणि घरातनं निघालो तो निघालोच. ट्रकवर किन्नर, म्हणजे क्लीनर होतो, इंदापूरला हायवेच्या कडेला पेरू विकले, एका रोपवाटिकेत पिशव्या भरल्या. मध्ये तुझ्या माहेरी पळसदेवला मासे धरणाऱ्यांच्या होडीवरही राहिलो. पाणी उतरलं की जुनं देऊळ वर येतं, त्याच्या शिखरावर बगळे बसतात. होडीवरचा म्हातारा मला सांगायचा, इथं खाली तुझ्या आज्याचं रान होतं. मी होडीतनं वाकून बघायचो, हिरवं पाणी सोडून काही दिसायचं नाही. तू म्हणायचीस की धरणाचं पाणी चढलं तेव्हा तुझ्या आईनं घरातनं निघताना देव घेतले, जातं घेतलं आणि हे डांगराचं बी घेतलं. म्हणजे ते बी पाण्यातनं वाचलेलं, आणि आपल्याकडं येऊन विस्तवात गेलं. हे मला तिथं होडीत सुचलं होतं आणि त्या रात्री मला भाकरी गेली नाही.

कुठं भरकटलो. परसाचं सांगत होतो.

गेल्या साली शिमग्यानंतर तात्यांच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी म्हटलं, पंधरा दिवस राहतो, औषधाचे थेंब घालतो आणि जातो. पण परस बघितलं आणि पाय निघेना. चहूबाजूंनी उसाला पाटाचं पाणी, त्यामुळं आपल्या सांगवीच्या जमिनीला खार फुटतोच, आणि परसात तर पीठ सांडावं तसा पांढरा थर होता. तात्या ओसरीवर खाटेवर बसून सांगायचे आणि मी करायचो. तात्यांना सगळं तुझ्या तोंडून ठाऊक होतं. "तुझी आई असं करायची," म्हणायचे आणि पुढं एखादं काम निघायचं. उन्हाळ्यात खणायचं नाही, झाकायचं. म्हणून उसाचं पाचट आणून वाफ्यांवर जाड अंथरलं. उजनीचं पाणी मागं सरल्यावर तिथला गाळ मामाच्या ट्रॉलीतनं आणला आणि वाफे वीतभर उंच केले. कढीपत्त्याजवळ मडकं गळ्यापर्यंत पुरलं, त्यात मोरीचं पाणी ओतायचं. शेंगा संपल्यावर शेवगा डोक्याइतका उंच ठेवून बाकी छाटला. मला तो खूनच वाटला होता, पण पावसात त्याला एवढे धुमारे आले की तात्या हात लावून लावून बघत होते. डोळ्याला अंधुकच दिसतं अजून, ऑपरेशन झालं तरी. हातानं बघतात.

पावसाळ्यात गवार, भेंडी, दोडका झाला. काकडीचा शेंडा खुडायचा असतो हे मला माहीत नव्हतं, वेल नुसता पळत सुटला माझ्यासारखा. दसऱ्यानंतर मेथी टाकली, कोथिंबीर टाकली. धने मी तसेच अख्खे पेरले होते. तात्या ओसरीवरनं म्हणाले, "पायात चप्पल हाय ना? मग ती कशाला दिलीया देवानं?" धने फरशीवर ठेवून चपलेनं रगडायचे, दोन फाका झाल्या की पेरायचे. दुसऱ्यांदा तसं केलं तेव्हा उगवलं. थंडीत टोमॅटोला काठ्या दिल्या, वांग्याच्या ओळीत झेंडू लावला. पावट्याला मावा पडला तेव्हा पहाटेच्या दवावर राख धुरळली. राख चिकटली आणि मावा गेला. एवढं साधं काम, पण राखेचं घमेलं हातात घेतलं की दरवेळी माझी नजर कढीपत्त्याकडं जायची.

या सगळ्याच्या मधी नवमी येऊन गेली. नवऱ्याआधी गेलेल्या बायकांचं पान वाढायचा तो दिवस. मी बारामतीच्या मंडईतनं भोपळ्याची फोड आणली, भाजी केली, पान वाढलं. तात्यांनी जेवताना भाजीचा पहिला घास घेतला, मग वाटी हळूच ताटाच्या कडेला सारली. मी विचारलं, खारट झाली का? म्हणाले, "न्हाय रे. भाजी बरी हाय. पर ही तिला वळखू यायची न्हाय." त्याच दिवशी त्यांनी यंदाच्या डांगराचं बोलून ठेवलं. आणि आता उन्हाळ्यात परत नजर कमी झालीय त्यांची. डॉक्टर दुसऱ्या डोळ्याचं काही खात्रीनं सांगत नाहीत. पुढच्या सालचं बोलायला नको असं त्यांनाच वाटतंय, हे मला कळतं.

तुझं डांगर म्हटलं की मला सकाळच आठवते. ऊन कडक व्हायच्या आत तू वेलात शिरलेली असतेस. मी मागं उभा. तू सरळ दांड्याचं नराचं फूल तोडतेस, पाकळ्या सोलून टाकतेस, आणि ज्या फुलाच्या खाली बोराएवढं डांगर आधीच दिसतं त्याच्या तोंडाला ते अलगद लावतेस. "उसाला औषधं मारत्यात तवापासनं भुंगं येत न्हायती. मग लगीन मलाच लावाय लागतं," म्हणतेस. मी विचारतो, मग अक्षता? तू हातातली पाकळी माझ्या डोक्यावर टाकतेस.

आणि मग तो वेल. एक वर्षी तो भिंत ओलांडून शेजारच्या काकूंच्या गोठ्याच्या पत्र्यावर गेला आणि तिथं एवढं मोठं डांगर बसलं की तसं आपल्या बाजूला कधी धरलं नव्हतं. तू वाट बघितलीस, निदान अर्धं येईल. काकूंनी ते लेकीला बघायला पाहुणे आले तेव्हा कापलं आणि आपल्याकडं फोडसुद्धा आली नाही. तू भिंतीपाशी जाऊन विचारलंस. काकू म्हणाल्या, "येल तुझा आसंल, पर बसलं माझ्या पत्र्यावर. पत्रा वाकला त्यो कुणाचा?" तू म्हणालीस, "त्येचं लगीन मी लावलं हुतं." काकू हसल्या, बस्स. तू हसली नाहीस. त्या दिवसापासनं तुमचं बोलणं बंद. रोज सकाळी तू भिंतीवर चढणारा शेंडा धरून परत आपल्याकडं वळवायचीस. मी एकदा काकूंच्या घरी दही-धपाटं खाऊन आलो तर तू मला मारलं नाहीस, पण म्हणालीस, "सगळा गाव हिंडून ये. त्या दारात तेवढं जायचं न्हाय." तुझ्या मयताला काकू आल्या, पण रस्त्यावरच उभ्या राहिल्या. आत आल्या नाहीत. पुढं ते सगळे मळ्यात राहायला गेले. शेजारच्या घराला कुलूप, गोठ्याचा पत्रा उडून गेला.

या उन्हाळ्यात मी बियासाठी हिंडलो. हिंडणं मला जमतं, तेवढंच जमतं. पळसदेवला मामांकडं गेलो. मामी म्हणाली, "आता कोण बी धरतंय बाबा? पाकीट आणायचं आन टाकायचं." तिनं माळा दाखवला, डबे दाखवले, तुझ्या आईचं जातंही दाखवलं. बी नव्हतं. इंदापूरच्या बाजारात भाजी घेऊन बसणाऱ्या म्हाताऱ्यांना विचारलं. एकीनं गवरी दिली, तिच्यात कारल्याचं बी निघालं. आपल्या गावात घरोघरी विचारलं. काकूंच्या मळ्याकडं तेवढा गेलो नाही. दोनदा त्या वाटेला लागलो होतो आणि दोन्ही वेळा मोटारसायकल वळवली. तू नसल्यावर तुझं एवढं एक ऐकावं असं वाटलं. बाकी कुठं ऐकलं मी तुझं.

तर आज लिहायला बसलो त्याचं खरं कारण हे. माझ्या खिशात इंदापूरच्या दुकानातनं आणलेलं पाकीट आहे. वर गोल गुळगुळीत डांगराचा फोटो आहे. उद्या सकाळी मी ते फोडून मोकळ्या आळ्यात बी टोचणार होतो आणि तात्यांना सांगणार होतो की मामीच्या माळ्यावर तुझं बी सापडलं. त्यांना दिसत नाही नीट. वेल चढेल, फूल येईल, ते हातानं चाचपतील आणि खूश होतील. नवमीला पान वाढू. तुला विचारायचं होतं की हे चालेल का. आणि विचारायला बसलो तेव्हा कळलं की तात्यांनी पहिला घास घेतला की त्यांना कळणारच आहे. वाटी परत ताटाच्या कडेला सारतील.

एवढं लिहिलं आणि परसाचं फाटक वाजलं. मला वाटलं कुत्रं असेल. बघतो तर काकू. केस पार पांढरे झालेत, चढ चढून आल्यासारखा दम लागलेला. फाटकाच्या बाहेरच उभ्या आहेत, आत पाऊल टाकलेलं नाही. मी कागद हातात घेऊनच उठलो. त्याच बोलल्या.

"तालुकाभर बी मागत हिंडतुयास म्हणं. माझ्याच दारात तेवढा आला न्हाईस."

मी म्हटलं, आई नको म्हणायची.

"म्हणायचीच की. तिनं न्हाय म्हणायचं आन मी न्हाय द्यायचं. लई वर्सं केलं आमी ते." पदराखालनं त्यांनी वर्तमानपत्रात गुंडाळलेलं काहीतरी काढलं. गवरी होती. तिच्यावर हिरव्या बांगडीचा तुकडा दाबलेला. "माझ्या पत्र्यावर बसलं हुतं त्येचंच हाय. दरसाली मळ्यात लावती. खूण तुझ्या आईचीच ठिवली, भिंतीवरनं दिसायची मला."

ओसरीवरनं तात्यांनी विचारलं, कोण आलंय? मी सांगितलं. त्यांनी खाटेवरनं पाय खाली सोडले, बांगडीचा तो तुकडा अजून ठेवतात तो वरचा खिसा चाचपला, आणि म्हणाले, "भाईर का उभी केलीस तिला? दार उघड."

आई, हे एवढं उभ्याउभ्याच खरडलं, आता कागद पायरीवर ठेवतोय. उडू नये म्हणून वर ते पाकीट ठेवतो, तेवढाच त्याचा उपयोग. काकू अजून फाटकातच आहेत. तू नको म्हणाली होतीस ते मला पाठ आहे, पण मी कडी काढायला चाललोय.