पांढऱ्या दारांवरचे कुंकू

स्टुटगार्ट,
दसऱ्यानंतरचा शनिवार

तीर्थरूप श्यामकांतमामा,

मुक्ताचा पायांना हात लावून नमस्कार. तुमची कंबर आता कशी आहे? दुकानाच्या माळ्यावर अजून स्वतःच चढता का? (चढत असाल तर मामींना कळवीन.) तुम्ही पाठवलेले कुंकू पोचले. लागलेही. फक्त लागायला नको तिथे लागले, म्हणून हे लांबलचक पत्र.

आमच्या कारखान्यात कपाटे बनतात आणि माझ्याच आग्रहाने तिथे मोजमापाचे नवे यंत्र आले आहे. पट्ट्यावरून दार सरकते. वरचे कॅमेरे आणि लेसर त्याची जाडी, भोके, कडा, रंग सगळे क्षणात तपासतात. माणूस दमतो, यंत्र दमत नाही आणि खोटे बोलत नाही, असे मी सगळ्यांना सांगत फिरते. (घरातली पहिली पदवीधर असल्यामुळे भाषणाची सवय लागली, कोणी अडवलेच नाही.) माझी प्रोबेत्साइट या यंत्रावरच अवलंबून होती. म्हणजे सुरुवातीचे परीक्षेचे महिने. पसंत पडलात तर नोकरी, नाहीतर घरचा रस्ता. ती कालच्या शुक्रवारी संपत होती.

खंडेनवमीला मी सर्वांच्या आधी पोचले. तुम्ही लिहिले होते तसे यंत्राला हळदकुंकू वाहिले, झेंडू ठेवला. काचेला बोटसुद्धा लावले नाही, मी इंजिनिअर आहे! पण काचेवर धूळ बसू नये म्हणून वर पंखा असतो, हे इंजिनिअर असूनही विसरले.

पहिले पांढरे दार नापास. दुसरे नापास. दुपारपर्यंत भिंतीला नापास दारांची थप्पी लागली, आणि बघावे तर प्रत्येक दार स्वच्छ. फोरमन ब्रेनरसाहेबांनी एक दार उजेडात धरले आणि म्हणाले, "आल्झो (म्हणजे 'हं, तर'), फ्राउ शेलार, तुमच्या यंत्राला चष्मा लागलाय." आमच्या प्रमुख केसलरबाई म्हणाल्या, बंद करा आणि परत पाठवा. रंगखात्यातली लतिका (नाशिकची) मला कोपराने ढोसत म्हणाली, "मुक्ते, गप्प बस. यंत्रावर ढकल आणि शुक्रवार काढ."

पण यंत्राला खोटारडे म्हटलेले मला कसे सोसणार? मी तावातावाने पडद्यावर एक डाग मोठा करून दाखवला. तो मोठा होत गेला तसतसा लाल होत गेला. सगळ्यांनी आधी डागाकडे पाहिले, मग झेंडूकडे, मग माझ्या कपाळाकडे.

मी पूजा, पंखा, दारांवर उडालेले कुंकू, सगळे सांगून टाकले. केसलरबाई पडद्याजवळ आल्या. मग विचारले, "कण केवढा आहे?" मोजला तर केसाच्या जाडीच्या निम्मा. "गेनाऊ! (म्हणजे 'अगदी बरोबर!')" बाई म्हणाल्या. "ब्रेनरना दिसत नाही ते याला दिसते. मग परत कशाला पाठवायचे?"

सगळी दारे मला एकटीला पुसावी लागली. काल नोकरी पक्की झाली. खरे बोलल्याने कधीच नुकसान होत नाही, हे आता माझ्या भाषणात आले आहे.

तुमची भाची,
मुक्ता

ता. क. यंत्र नीट बघते का हे रोज तपासायला बाईंनी तुमचेच कुंकू पक्के केले आहे. अर्धा किलो पाठवा. सोबत दुकानाच्या शिक्क्याचा दाखला हवा: कण एकसारखे आहेत, आणि ते कसे चाळले.

आणखी एक. मामी ते जुन्या लुगड्याच्या फडक्यातून चाळतात, हे लिहू नका. 'विशेष कापडी गाळणी, तीन थर' असे लिहा. (दोनच आहेत, मला माहीत आहे.)